सोंगाला सुतक नाही

अनिताला मी पहिल्यांदा पाहिलं ते वडिवळ्याच्या शाळेत, चपलांच्या शेजारी बसलेलं. संक्रांतीचं हळदीकुंकू आणि मुलांचा कार्यक्रम आम्ही एकाच दुपारी ठेवत असू, म्हणजे आयांना कामाचा एकच दिवस मोडावा लागे. सगळ्या जणी पुढे सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या होत्या. ही मात्र दाराशी, फिकट करड्या साडीत. कुंकवाचं तबक फिरत तिच्यापाशी आलं तेव्हा तिने पालथा हात कपाळावर धरला आणि हसून तबक पुढच्या बाईकडे सरकवलं. इतक्या सहज, की तबक घेऊन फिरणाऱ्या मुलीला आपण चुकलो असं वाटू नये. तिची तिशीही आली नव्हती. नवरा कैलास आदल्या पावसाळ्यात भाताच्या खाचरात साप चावून गेला होता.

तिची मुलगी स्नेहल दुसरीत होती आणि नाटुकल्यात राणी झाली होती. पडदा उघडायची वेळ आली आणि राणी रडायला लागली. मी तिच्याकडे धावले, पण अनिता आधीच पोचली होती. तिने मुलीला जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. समोर उभी राहून म्हणाली, "पाय रोव. राणी हायेस तू. राणी खाली बघत न्हाई."

मी दचकले. तो आवाज चपलांपाशी बसलेल्या बाईचा नव्हता. त्या आवाजाने मुलीचे पाय खरंच रोवले गेले. नाटुकलं संपलं तेव्हा अनिता परत दाराशी जाऊन बसली होती.

शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आवाज लक्षात राहतात. चेहरे बदलतात, जाड होतात, दाढीमिशांत लपतात, आवाज सापडतो.

पुढे अनिता नवलाख उंबऱ्याच्या एका कंपनीत लागली. सकाळी कामशेतच्या स्टॉपवर कंपनीच्या बसची वाट पाहताना दिसायची, करड्या साडीवर कंपनीचा निळा कोट. मी निवृत्त होऊन तळेगावात राहायला गेले आणि ते दिसणंही थांबलं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझी नात सई मला लोणावळ्याच्या अलीकडच्या पार्कात घेऊन गेली. तिथे पाळणे आहेत, पाण्याचे खेळ आहेत आणि मोरगड नावाचा लाकडी-प्लायवुडचा एक मोठा किल्ला आहे. रोज दुपारी किल्ल्यावर खेळ होतो: मोरगडची राणी राक्षसाला हरवून गड सोडवते. हे सगळं मुलांसाठी, असं मी धरून चालले होते. पण सईच आमच्या फाटकाशी आली ती दोन टोकदार कान आणि एक झुपकेदार शेपटी लावून.

"हे काय गं?"

"आजी, आज मी सई नाहीये. मी बिजली कोल्हीण. त्या खेळात राणीची मैत्रीण असते ना, ती."

"तू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस."

"कोल्हीणसुद्धा हुशार असते, आजी."

पार्कात पोचल्यावर कळलं की ती एकटी नव्हती. चाळिशीच्या दोघी बायका पंख लावून आइस्क्रीम खात होत्या. एक टक्कल पडलेला गृहस्थ राक्षसाच्या काळ्या झग्यात बाकावर बसला होता; शिंगं काढून मांडीवर ठेवली होती आणि वडापाव खात होता. मी जवळून गेले तर तो गडबडीने उठून नमस्कार करायला लागला. तो आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता. जिन्यात सायकली ठेवू नका म्हणून नोटिसा लावणारा माणूस. मी आ वासून बघत राहिले. सई म्हणाली, "आजी, तोंड मिट."

मोठ्या माणसांना हे कसं सुचतं, याचा विचार करत मी गडाच्या पायऱ्यांपाशी आले. तिथे राणी उभी होती. म्हणजे खेळातली नव्हे, ती पगारी मुलगी वेगळी. ही हौसेने राणी होऊन आलेली. हिरवी नऊवारी, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, नाकात नथ, गळ्यात मोहनमाळ, हातात लाकडी तलवार आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. लोक तिच्याबरोबर फोटो काढत होते. एक लहान मुलगी तिच्याशेजारी उभी राहायला घाबरत होती. राणी तिच्याकडे वाकली नाही. म्हणाली, "पाय रोव. राणीशेजारी उभी हायेस. खाली बघू नको."

आवाज सापडला. ही अनिता होती.

मावळातल्या शेतकरी घरात विधवा बाई हिरवं नेसत नाही, कुंकू लावत नाही, लग्नाच्या हळदीला हात लावत नाही. हे चांगलं की वाईट हा वाद मी शाळेत पुष्कळ घातला आहे. पण वाद घालणं वेगळं आणि अनिताच्या कपाळावर ते कुंकू बघणं वेगळं. मी खरंच हादरले. आणि आपण हादरलो, याचं मला आणखी नवल वाटलं.

तिनेही मला पाहिलं. तलवार खाली आली.

"बाई! तुमी हितं?"

"मी नातीबरोबर आलेय. तू?"

"मी..." ती इकडेतिकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चला, चहा घेऊ."

चहाच्या टपरीमागे झाडाखाली आम्ही बसलो. सई कोल्हिणींच्या घोळक्यात गेली होती. अनिताने पदर सारखा केला, नथ काढून मुठीत धरली आणि चहा प्यायली.

"पहिल्यांदा कंपनीची सहल आलती हितं," ती सांगू लागली. "ह्या राणीचा खेळ बघितला. ती गडावर उभी राहती ना, मान वर करून, तवा मला काय झालं काय ठाव, रडूच फुटलं. आमच्या लाइनवरची पिंकी म्हणली, काकू, पाहिजे तर तुमी पण राणी व्हा की, हितं कुणी पण काय पण होऊन येतं. मी म्हणलं, येडी का काय. आणि पुढच्या सुट्टीला आलेच."

"ही साडी?"

"माझीच. लग्नातली. पेटीत होती. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत नेसते, जाताना सोडते. मंगळसूत्र तेवढं घालत न्हाई. ते कैलासचं होतं, ते सोंगात घालायचं नसतं."

सोंग हा शब्द तिने सहज वापरला. तो तिच्या घरचाच होता. तिचं माहेर नाणे गावाजवळ, नाण्याच्या खोऱ्यात. तिथल्या जत्रेत देवीचं सोंग निघतं, आणि ते सोंग तिचे वडील सीताराम घेत असत. सोंग उभं राहिलं की आजूबाजूच्या गावांतल्या नव्या नवऱ्या येऊन त्याची ओटी भरत, आणि सोंग आपल्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन त्यांच्या कपाळी टेकवी. अनिताची आई ती परकरात असतानाच वारली होती. वडिलांना साडी नेसायला मदत तीच करायची.

"एका साली चुलता वारला आणि आठवड्यात जत्रा आली," ती म्हणाली. "सगळी म्हणली, सीताराम सुतकात हाय, औंदा सोंग न्हाई. आबा म्हणले, सोंगाला सुतक न्हाई. एकदा नेसलं की मी सीताराम न्हाई. आणि नेसले. मी म्हणायची, आबा, मी घेऊ का एकदा? तर म्हणायचे, पोरींनी सोंग घ्यायचं नसतं गं. हे गड्यांचं काम." ती हसली. "हितं तिकीट काढलं की कुणी इचारत न्हाई."

मग तिने मुख्य गोष्ट सांगितली. स्नेहलचं लग्न ठरलं होतं, वराळ्याला. मुलगा चांगला, पोरगी त्याच्यावर जीव टाकत होती. पण त्याची आई सविताबाई रीतीभातीला कडक. "हे कुटं कळलं तर लग्न मोडंल, बाई. स्नेहलला सुदिक ठाव न्हाई. तुमी कुणाला बोलू नका."

"मग आज कशाला आलीस?"

"शेवटचं म्हणून."

"मागच्या वेळीही शेवटचंच म्हणून आली असशील."

"व्हय," ती म्हणाली आणि इतकी खळखळून हसली की मलाही हसू आलं.

तेवढ्यात एक बाई थेट आमच्यासमोर येऊन उभी राहिली. साठीला आलेली, डोक्यावर पदर. मागे नवं जोडपं. नवरीच्या हातात अजून हिरवा चुडा होता. एकवीरेचं दर्शन घेऊन पोरांच्या हट्टाने पार्कात आली होती ही मंडळी.

"आमी गडापासनं शोधतोय रानीला," बाई म्हणाली. "आमच्याकडं जत्रंला सोंगाची ओटी भरत्यात. ही नवी सून हाय. म्हणलं, एवढं देवीसारखं रूप समोर उभं हाय, तर भरून घ्यावी."

पार्कातल्या पोशाखाची ओटी भरायची! शहरातल्या माणसाला हे सुचलं नसतं. पण त्या बाईला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. तिने पिशवीतून नारळ, खण आणि मूठभर तांदूळ काढून सुनेच्या हातात दिले. अनिता उठली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती सांगेल, की बाई, मी तशी नाही. तिने मुठीतली नथ नाकात अडकवली आणि पदर पसरला.

सुनेने ओटी भरली, वाकून नमस्कार केला आणि मान वर करून थांबली. अनिताचा हात स्वतःच्या कपाळापर्यंत गेला आणि तिथे अडला. पालथा हात कपाळावर धरलेली ती संक्रांतीची अनिता मला आठवली. मग तिचं बोट कुंकवाला लागलं, आणि तिथून त्या पोरीच्या कपाळावर टेकलं.

नवऱ्या मुलाने फोटो काढला.

मावळात आपलं नातं नाही असं माणूस शोधायचं तर घाट उतरून जावं लागतं. ती बाई सविताबाईंची मावसबहीण निघाली. मुलाने फोटो स्टेटसला ठेवला आणि वराळ्यात सविताबाईंनी आपली होणारी विहीण ओळखली.

स्नेहलचा मला फोन आला. "बाई, फोटोत कडेला तुम्ही दिसताय. तुम्ही होता ना तिथे? आई काही बोलतच नाही. सासूबाई रविवारी येतायत. तुम्ही या हो. ते लोक लग्न मोडतील."

मी गेले. ओसरीत खाटेवर अनिताची सासू अंबूबाई बसली होती, खूप थकलेली, कानाला थोडी कमी. थोरला दीर सोपान दाराशी उभा होता. सविताबाई एकट्याच आल्या होत्या. त्यांनी फोन खाटेवर ठेवला. त्यावर तो फोटो होता.

"मी भांडाय आले न्हाई," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगा, ह्या तुमीच का?"

"व्हय," अनिता म्हणाली.

सोपान उसळला. "लाज हाय का थोडी? कैलासचं तोंड तरी आठवायचं! पोरगी लग्नाला आली आन् ही नटून नाचाय गेली!"

"नाचले न्हाई, दादा. उभी राहिले."

"उभं राहा न्हाई तर नाचा, ते तुमचं तुमी बघा," सविताबाई म्हणाल्या. "पन माझ्या बहिणीच्या सुनेला कुंकू लावलं तुमी. नवी पोर हाय ती. उद्या तिचं काही बरंवाईट झालं म्हंजे? बहीण रडतीय तिकडं. मला एक शब्द पाहिजे. देवीपुढं नारळ ठेवून सांगा, पुन्हा तिथं जाणार न्हाई. तारीख हाय ती राहील. न्हाईतर आमाला जमायचं न्हाई."

स्नेहल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चहाचा ट्रे. मला वाटलं, सुटलो. एका शब्दाचा तर प्रश्न आहे. अनिता स्नेहलकडे बघत राहिली.

"शब्द न्हाई देत," ती म्हणाली.

"आई!"

"मी जाणार, स्नेहल. मला ठाव हाय मी जाणार. देवीपुढं खोटा नारळ ठेवून तुझं लग्न लावू का?"

मी उठून स्नेहलच्या हातातला ट्रे घेतला. एका पार्कासाठी, एका हिरव्या साडीसाठी ही बाई मुलीचं लग्न मोडू देते आहे, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. तिला ओरडावं असं वाटलं.

तेव्हा अंबूबाई बोलल्या. त्या ऐकत आहेत हेच कोणाच्या ध्यानात नव्हतं.

"सविते, तू नवी नवरी होतीस तवा नाण्याच्या खोऱ्यात जत्रंला आलतीस का न्हाई?"

"आलते की. समद्याच जायच्या."

"कुंकू कुणी लावलं तुला?"

"देवीनं. म्हंजी... सोंगानं."

"सोंगात कोण होतं?"

"हिचा बाप," अंबूबाई अनिताकडे बोट करून म्हणाल्या. "सीताराम. बायको मरून गेलेला गडी. त्याच्या कपाळाचं कुंकू तू लावून घेतलंस. त्या साली मी बी लावून घेतलं. तुजा नवरा कसा हाय?"

"बरा हाय."

"माजा म्हातारा तर नको नको म्हणंपतुर जगला."

मला हसू आवरेना. मी चहा ओतायला लागले. सविताबाईंचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांच्या मनात आलीच नव्हती. माझ्याही आली नव्हती.

"पन आत्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सोंग गड्यांचं असतंय."

"म्हणून तर कुणी इचारलं न्हाई," अंबूबाई म्हणाल्या आणि चहा मागितला.

सविताबाई अर्धा चहा ठेवून निघून गेल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. ते दिवस स्नेहलने कसे काढले, तीच जाणे. आईशी ती बोलत नव्हती. एकाच घरात दोघी जणी भिंतीला बोलल्यासारख्या बोलत, असं अनितानेच मला फोनवर सांगितलं. कंपनीच्या सुट्टीच्या गुरुवारी ती पार्कात गेली का, हे मी विचारलं नाही.

मग वराळ्याहून निरोप आला. तारीख ठरल्याप्रमाणे. आणि सविताबाईंनी अनिताला स्वतः फोन केला: हळदीला तुमी राणी होऊन या. सोंगाला सुतक न्हाई, असं तुमचे वडील जत्रंत म्हणायचे ना, मग सोंग घेऊन पोरीला हळद लावा. मी चार बायकांना सांगून ठेवते, कुणी तोंड उघडायचं न्हाई.

मला हे फार आवडलं. इतक्या कडक बाईने रीतही न मोडता आईला तिच्या मुलीपर्यंत वाट करून दिली होती. मी अनिताला म्हटलं, "बघ, किती मोठ्या मनाची विहीण मिळाली." ती "व्हय, बाई, लय चांगल्या हायेत" म्हणाली. एवढंच.

हळदीच्या दिवशी वडिवळ्यात घरापुढे मांडव होता. स्नेहल पाटावर बसली होती. सविताबाई नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन आल्या होत्या आणि खरंच चार बायकांच्या कानाला लागून काहीतरी सांगत होत्या. सगळ्यांच्या नजरा घराच्या दाराकडे. राणी येणार, ही बातमी मांडवभर झाली होती. मुलं तर तलवारीची वाट बघत होती.

अनिता बाहेर आली ती करड्या साडीत. हात मोकळे, कपाळ मोकळं.

"अवं, हे काय?" सविताबाई पुढे झाल्या. "साडी कुटंय तुमची?"

"पेटीत हाय."

"मग नेसून या की! आमी थांबतो."

"इहीनबाई," अनिता म्हणाली, "परक्याच्या पोरीला सोंग घेऊन लावलं. हिला सोंग घेऊन कशी लावू? ही माझी हाय."

आणि कोणी काही म्हणायच्या आत तिने हळदीच्या वाटीत हात घातला.

इतकी वर्षं जे मी फळ्यासमोर उभं राहून बोलत आले होते ते माझ्यासमोर घडत होतं, आणि मला भीती वाटत होती. सोपानची बायको उठली आणि तिच्यामागे आणखी काही जणी मांडवाबाहेर गेल्या. सोपान विहिरीच्या वाटेला लागला.

अनिताने आधी पायांना हळद लावली, मग गुडघ्यांना, खांद्यांना आणि शेवटी गालांना. स्नेहलची मान खाली होती. ती रडत होती, आणि ते रडणं रागाचं होतं की कशाचं, मला सांगता येणार नाही.

"खाली बघू नको," अनिता म्हणाली.

स्नेहलने मान वर केली. आईचा हळदीचा हात तिने आपल्या गालावरच धरून ठेवला.

सविताबाई अजून उभ्याच होत्या. मग त्यांनी पदर खोचला, खाली बसल्या आणि त्याच वाटीत हात घातला. त्या बसल्या तशा वराळ्याच्या बाकीच्या बायकाही पुढे सरकल्या. नंतर हात धुताना त्या माझ्याशेजारी आल्या आणि वैतागून म्हणाल्या, "बाई, सोंग येणार म्हणून सांगितलं होतं ओ मी चार जणींना. आता काय सांगू त्यांना?"

स्नेहल वराळ्यात सुखात आहे. त्या मावसबहिणीच्या सुनेला मुलगा झाला. सोपान भावजयीशी अजून बोलत नाही. अंबूबाई जेवायला अनिताकडे असतात. अनिता नवलाख उंबऱ्याच्या त्याच कंपनीत पहिल्या पाळीला जाते, आणि एखाद्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, तिकीट काढून पार्कात जाते.